विश्लेषण : रिगवरच्या पाइपमध्ये कामगारांची बोटे का सापडतात? चारकोपच्या बोअरवेलपासून मुंबई हायपर्यंत धोका एकच कसा?

चारकोपच्या एखाद्या सेक्टरमध्ये बोअरवेलची गाडी आली की पहिली तक्रार होते ती आवाजाची. कॉम्प्रेसरची घरघर, खडकावर बसणारे ठोके आणि गेटबाहेर वाहणारा राखाडी चिखल, एवढेच रहिवाशांच्या लक्षात राहते. गाडीच्या मागे उभे राहून एकामागून एक लोखंडी रॉड जोडणारे दोघे-तिघे कामगार सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांचे काम आणि अरबी समुद्रात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायच्या रिगवर चालणारे काम मुळात एकच आहे. जड पाइप उचलायचा, खालच्या पाइपवर उभा धरायचा, पिळून घट्ट करायचा आणि जमिनीत सोडायचा. तेलविहिरींवरचे स्फोट आणि आगी बातम्यांत येतात. पण रिगवर रोज होणारी दुखापत असते ती पाइप हाताळताना चिमटलेल्या बोटांची, ठेचलेल्या पायाची आणि लचकलेल्या कमरेची. ती का होते, ती टाळणारी यंत्रे कुठपर्यंत पोहोचली आणि बोट गेलेच तर कायदा काय देतो?

पाइप हाताळण्याचे काम नेमके काय असते?

जमिनीत भोक पाडणारे बिट पाइपच्या लांबलचक माळेच्या टोकाला असते. ही माळ अखंड नसते. तेलविहिरीसाठी वापरला जाणारा ड्रिल पाइप साधारण साडेनऊ मीटरचा असतो. त्याच्या एका टोकाला बाहेरून आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला आतून. भोक जसे खोल जाते तसा वरून एकेक पाइप जोडला जातो.

खरे कष्ट मात्र पुढे आहेत. बिट झिजले की ते बदलण्यासाठी सगळी माळ वर काढावी लागते आणि नवे बिट लावून पुन्हा खाली सोडावी लागते. रिगवरच्या भाषेत ही ‘ट्रिप’. वेळ वाचावा म्हणून तीन-तीन पाइप एकत्र ठेवून काढतात. असा तीन पाइपांचा उभा तुकडा म्हणजे ‘स्टँड’, लांबी सुमारे २८ मीटर, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढी. तीन हजार मीटर खोल विहिरीचे गणित केले तर माळ काढताना सुमारे १०७ स्टँड आणि परत सोडताना १०७. एका ट्रिपमध्ये २१४ वेळा तीच कृती करावी लागते आणि एका विहिरीसाठी अशा अनेक ट्रिप होतात.

बोअरवेलवर हेच छोट्या प्रमाणात चालते. ट्रकवर बसवलेल्या रिगचा रॉड साधारण २० फुटांचा असतो. २०० फुटांच्या बोअरसाठी १० रॉड खाली जातात आणि १० वर येतात. फरक इतकाच की तेलविहिरीवर एका विहिरीला आठवडे लागतात, तर बोअरवेलची टोळी एक बोअर आटोपून रात्रीतच पुढच्या सोसायटीत गाडी लावते.

वजन किती असते?

पाच इंची ड्रिल पाइपचा एक नग जोडाच्या जाड टोकांसह सुमारे ३०० किलो भरतो. स्टँड ९०० किलोचा. विहिरीच्या भिंतीला आधार देणारे केसिंग त्याहून भारी असते. ९ ५/८ इंची केसिंगचा १२ मीटरचा एक नग ८५० किलोच्या आसपास जातो. बिटावर वजन यावे म्हणून माळेच्या तळाशी लावतात ते ड्रिल कॉलर आठ इंची असतील तर एकेक नग दोन टनांचा, म्हणजे दोन छोट्या मोटारींएवढा. बोअरवेलचा साडेचार इंची रॉड त्यांच्यापुढे हलका वाटेल, पण तोही शंभर किलोच्या आसपास असतो आणि तिथे तो सांभाळायला यंत्रापेक्षा माणसेच जास्त असतात.

हे वजन कोणी हातांनी उचलत नाही. ते क्रेन, विंच किंवा रिगच्या मनोऱ्यातली दोरखंडांची यंत्रणा उचलते. माणसाचा हात फक्त दिशा देण्यासाठी असतो. घोळ नेमका इथेच आहे. दिशा देणारा हात लटकलेल्या ३०० किलोंच्या आणि स्थिर लोखंडाच्या मधोमध येतो. पाइप दोन इंच जरी हलला तरी मधल्या बोटाला जागा उरत नाही.

दुखापत कुठल्या क्षणी होते?

रिगच्या फ्लोअरवर, म्हणजे विहिरीच्या तोंडाभोवतीच्या काही मीटरच्या लोखंडी ओट्यावर, हे क्षण ठरलेले असतात. पहिला ‘स्लिप्स’चा. वरचा पाइप सोडवताना खालची सगळी माळ विहिरीत पडू नये म्हणून तिच्याभोवती दात असलेल्या लोखंडी पाचरी बसवतात, त्या स्लिप्स. आकारानुसार त्यांचे वजन ५० ते ९० किलो. दोघे-तिघे दांडे धरून त्या उचलतात आणि बसवतात. ट्रिपमध्ये २१४ वेळा वाकून, बहुतेकदा चिखल आणि तेलाने निसरड्या झालेल्या ओट्यावर. कमरेच्या मणक्यांचे दुखणे इथून सुरू होते. ते एका दिवसात होत नसल्याने अपघात म्हणून त्याची नोंदही होत नाही. माळ थोडी आधी खाली आली आणि हात दांड्याऐवजी पाचरीच्या कडेवर असला, तर बोट गेलेच.

दुसरा क्षण ‘टाँग’चा. टाँग म्हणजे तारदोराने टांगलेला अजस्र पाना. पाच इंची पाइपचा जोड घट्ट करायला लागणारा पीळ हा मोटारीच्या चाकाचा नट आवळायला लागणाऱ्या पिळाच्या सुमारे तीनशे पट असतो. हा पीळ देण्यासाठी टाँगच्या दांड्याला बांधलेला दोर यंत्र अडीच-तीन टनांच्या जोराने ओढते. टाँग घसरली किंवा दोर तुटला तर दांडा झटक्यात फिरतो आणि त्याच्या फेऱ्यात जो असेल त्याला लागतो. म्हणून टाँगला वेगळा सुरक्षा दोर बांधलेला असतो. हात कुठे ठेवायचा हे कळावे म्हणून दांड्याची जागा वेगळ्या रंगाने रंगवतात. हात त्या रंगावर ठेवायचा आणि इतर कुठेही नाही, हा नवख्या कामगाराचा पहिला धडा असतो.

टाँगने जोड घट्ट करण्याआधी आटे बसवायला पूर्वी साखळी वापरली जायची. पाइपभोवती साखळीचे वेढे टाकायचे, यंत्राने ती ओढायची आणि पाइप गरगर फिरवून आटे बसवायचे. वेढा टाकणाऱ्याचा हातमोजा साखळीत अडकला की हातही त्याबरोबर जायचा. जगभर कित्येक जुन्या रिग कामगारांची बोटे या साखळीने नेली. मोठ्या रिगांवरून ती आता हद्दपार झाली आहे.

तिसरा क्षण बाहेरून दिसायला सर्वांत साधा आहे. पाइप आडवा ठेवलेला असतो. एक टोक उचलले की तो उतरणीवरून सरकत ओट्यावर येतो आणि उभा होताच लंबकासारखा झुलतो. त्याला आवरायला कामगार पुढे होतो. मागे रिगचा खांब, समोर झुलता पाइप. छातीला किंवा डोक्याला मार बसतो तो असा. पाइप उभा झाल्यावर त्याचे खालचे टोक खालच्या जोडात बसवताना ते टोक तळहाताने ढकलण्याची सवय आणखी घातक. स्टँड बाजूला उभा करून ठेवताना ९०० किलोंचे खालचे टोक बुटावर टेकले, तर पोलादी टोपीचा बूटही बोटे वाचवेलच असे नाही.

वर मनोऱ्यात सुमारे २५ मीटर उंचीवर एक जण उभा असतो. ओएनजीसीच्या पदांच्या यादीत त्याला ‘टॉपमन’ म्हणतात आणि खालच्यांना ‘रिगमन’. स्टँडचे वरचे टोक ओढून दातेरी कप्प्यात लावणे हे टॉपमनचे काम. त्याला पडण्याचा धोका असतो, तर खालच्यांना त्याच्या हातून काही पडण्याचा. एक किलोचा पाना २५ मीटरवरून सुटला तर खाली पोहोचेपर्यंत त्याचा वेग ताशी ८० किलोमीटर झालेला असतो. हेल्मेट अशा आघातासाठी केलेले नसते.

पाइपांच्या ढिगाजवळ होणारे अपघात मात्र रिगपुरते नाहीत. गोल वस्तू घरंगळते. ढिगाला पाचर लावलेली नसेल आणि कोणी मधला पाइप ओढला, तर वरचे सगळे खाली येतात. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत टेम्पोतून पाइप उतरवणाऱ्या हमालाला हे रिगवरच्या कामगाराइतकेच ठाऊक असते.

समुद्रातल्या रिगवर यात लाटांची भर पडते. पुरवठा बोटीवरून पाइपांचा गठ्ठा क्रेनने उचलला जातो तेव्हा बोट खाली-वर होत असते. गठ्ठा डेकवरून सुटला असे वाटते तोच पुढची लाट डेक वर आणते आणि गठ्ठा परत आदळतो. रिग खोदकामांच्या कंत्राटदारांची जागतिक संघटना आयएडीसी दरवर्षी दुखापतींची आकडेवारी जमवते. तिच्यात वर्षानुवर्षे चित्र तेच आहे. सर्वाधिक दुखापती हात आणि बोटांना, बळी पडणारे बहुतांश फ्लोअरवरचे कामगार आणि डेकवरचे हमाल, आणि कारण बहुतेकदा ‘मध्ये सापडणे’ किंवा ‘आदळणे’.

दोन बोटांची जखम किती महाग पडू शकते?

मुंबई हायच्या इतिहासात याचे उदाहरण आहे आणि त्यात पाइपचा काही दोष नव्हता. २६ जुलै २००५ ला मुंबई पाण्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थ येथे ‘समुद्र सुरक्षा’ या बहुउद्देशीय जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या बोटांची टोके कापली गेली. त्याला उपचारांसाठी हलवायचे होते. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून वर घेण्याचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, त्यामुळे जहाज वारा अंगावर घेणाऱ्या बाजूला आणावे लागले. लाटांच्या तडाख्यात ते तेल आणि वायू वर आणणाऱ्या राइझर पाइपांवर आदळले. वायुगळती झाली, आग लागली आणि सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. त्याला जोडून ‘नोबल चार्ली येस्टर’ ही खोदकामाची रिगही उभी होती. ३६२ जणांना वाचवण्यात आले, २२ जणांचा मृत्यू झाला.

तपशिलांचे दोष अनेक होते. राइझरना पुरेसे संरक्षण नव्हते, जहाजाच्या नियंत्रणात अडचण होती, क्रेन बंद होती. पण साखळीची पहिली कडी कापलेली बोटेच होती. किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर किरकोळ दुखापत असे काही नसते. माणूस हलवायचा म्हणजे जुहूहून हेलिकॉप्टर यायला हवे किंवा बोट तरी हवी, आणि ऐन पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा नसतो.

‘सांभाळून काम करा’ एवढे पुरेसे का नाही?

प्रत्येक रिगच्या प्रवेशाशी एक फलक असतो. किती दिवस अपघाताविना गेले, त्याचा आकडा. फलक वाईट नाही. पण त्या आकड्यावर बक्षीस किंवा पुढचे कंत्राट अवलंबून असेल, तर बोट चिमटलेला माणूस पट्टी बांधून ‘हलक्या कामावर’ बसवला जातो आणि आकडा पुढे सरकतो. या क्षेत्रातली ही जुनी टीका आहे.

दुसरे कारण वेळेचे. समुद्रातली भाड्याची रिग दिवसाच्या दरावर चालते. पाइप जोडण्यातली प्रत्येक मिनिटाची दिरंगाई पैशांत मोजली जाते. बोअरवेलवर दर फुटावर असतो. जितके फूट जास्त तितके पैसे जास्त, आणि सोसायटीने रात्री दहाच्या आत आवाज बंद करा असे बजावलेले असते. ते रास्तच, पण त्यामुळे शेवटचे चार रॉड घाईने निघतात.

तिसरे कारण शरीराचे. समुद्रातली शिफ्ट १२ तासांची आणि मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा. एकच हालचाल दीडशे वेळा करून झाली की मेंदू तिच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. दीडशे एकावा पाइप वेगळा झुलला, तर हात मात्र सवयीने नेहमीच्याच जागी जातो. हा बेपरवाईचा प्रश्न नाही, शरीर असेच चालते. ज्या कामात २१४ पैकी २१४ वेळा माणूस अचूक राहिला तरच बोटे वाचतात, त्या कामाची आखणीच चुकीची आहे. यंत्र बदलायचे की माणसाला बजावत राहायचे, हा मूळ वाद आहे.

हातमोज्यांचेही तसेच. आघाताला टिकणारे जाड मोजे ठेच आणि खरचटणे नक्की कमी करतात. पण ३०० किलोंपुढे कोणताही मोजा टिकत नाही, आणि फिरत्या रॉडजवळ सैल मोजा हाताला आत ओढतो. अंगठीही तितकीच घातक. ती अडकली तर बोटाची कातडी सोलून काढते. म्हणून चांगल्या रिगवर अंगठी, कडे, घड्याळ काढूनच फ्लोअरवर जाता येते.

यंत्रांनी काय बदलले?

बरेच. ‘रफनेक’ हे रिगच्या फ्लोअरवरच्या कामगाराचे टोपणनाव. त्याच्या दोन टाँग आणि साखळीचे काम करणारे यंत्र १९७० च्या दशकात आले आणि त्याला नावही ‘आयर्न रफनेक’ पडले. रुळांवरून ते विहिरीच्या तोंडाशी येते, पाइप पकडते, पिळते आणि मागे जाते. चालवणारा काही मीटर दूर असतो. १९८० च्या दशकात ‘टॉप ड्राइव्ह’ आले. माळ खालून फिरवण्याऐवजी मोटर वरून फिरवू लागली आणि एकेका पाइपऐवजी सबंध स्टँड जोडून खोदणे शक्य झाले. तीन जोडण्यांच्या जागी एक. बोट मध्ये येण्याची संधीच दोन-तृतीयांशांनी घटली. मनोऱ्यातल्या टॉपमनची जागा घेणारे यांत्रिक हात आता आधुनिक रिगवर असतात. क्रेनच्या गठ्ठ्याला हाताने धरायचे नाही, टोकाला बांधलेल्या दोरीने किंवा लांब काठीने वळवायचे, हा तर जवळजवळ फुकटातला उपाय आहे.

भारताचा समुद्रातला प्रवास ‘सागर सम्राट’ने सुरू झाला. जपानमध्ये बांधलेल्या या रिगने १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हा पाइपचे काम हातांचेच होते. जमिनीवरच्या विहिरींसाठी ओएनजीसीने हैदराबादच्या मेघा इंजिनीअरिंगकडे ४७ रिगांची मागणी नोंदवली. त्यातली पाइप यंत्राने हाताळणारी पहिली हायड्रॉलिक रिग २०२१ मध्ये अहमदाबादजवळ कलोल येथे सुरू झाली.

पण यंत्र आले म्हणून धोका गेला असे होत नाही. यंत्र बिघडले की काम थांबत नाही, जुनी टाँग बाहेर निघते. ती वापरण्याचा सराव तोवर सुटलेला असतो. यंत्राची दुरुस्ती करताना ते अचानक हलले तर तेही चिमटते. आणि जुन्या छोट्या रिगांच्या फ्लोअरवर आयर्न रफनेक बसवायला जागाच नसते.

बोअरवेलच्या गाड्यांवर यातले फारच थोडे पोहोचले. देशभर फिरणाऱ्या अशा कित्येक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, आणि त्यांच्यावरचे मजूर बहुधा छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेशचे. नव्या गाड्यांवर रॉड भरणारे फिरते चक्र असते. जुन्यांवर दोरी, पाना आणि खांदा.

नियम कोणाला लागू होतात?

खाण अधिनियम, १९५२ नुसार तेलविहीर ही खाण आहे. त्याखालच्या तेल खाण विनियम, २०१७ मध्ये रिगचा मनोरा, दोरखंड, उंचीवरच्या कामगाराची सुटका, प्रशिक्षण अशा गोष्टी येतात. जमिनीवरच्या विहिरींवर देखरेख धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. समुद्रातल्या कामासाठी २००८ चे वेगळे नियम असून तिथे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय हे सक्षम प्राधिकरण आहे. व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याने खाण अधिनियम आता संहितेत आला आहे.

बोअरवेल या चौकटीच्या बाहेर राहते. पाण्यासाठीचा बोअर म्हणजे खाण नव्हे. त्याला नियमच नाहीत असे नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये रिगमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे, पण तिचा हेतू पाण्याचा उपसा आवरणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या त्या उघड्या बोअरमध्ये मुले पडतात म्हणून. खोदणाऱ्या संस्थेची नोंदणी, कामाच्या जागी तिच्या नावाचा फलक, भोवती कुंपण. पाण्याची काळजी झाली, मुलांची झाली. रॉड जोडणाऱ्या हाताबद्दल त्यात फारसे काही नाही.

बोट तुटले तर पहिल्या तासात काय करायचे?

जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्यायचा आणि हात उंच धरायचा. तुटलेला तुकडा सापडला तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. ही चूक घाबरलेल्या लोकांकडून सर्रास होते. बोटात स्नायू नसल्याने थंड ठेवलेले बोट १२ तास किंवा त्याहूनही जास्त टिकू शकते. तसेच उघडे ठेवले तर वेळ निम्म्यावर येते. मात्र सुरीने कापलेले बोट आणि पाइपने चेचलेले बोट यांत फरक आहे. चेचलेल्या बोटाच्या रक्तवाहिन्या लांबपर्यंत फाटलेल्या असतात, त्यामुळे ते पुन्हा जोडले जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

बोटाची भरपाई किती?

कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ मध्ये याचे चक्क कोष्टक आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असे धरतात. तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. हाड न जाता तर्जनीचे फक्त टोक गेले तर ५ टक्के. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण टक्क्यांची ही पद्धत तिथेही कायम आहे.

हिशेब असा होतो. वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तिशीच्या कामगाराचा गुणक २०७.९८. केंद्राने २०२० मध्ये हिशेबासाठी वेतनाची मर्यादा महिना १५ हजार रुपये केली. त्याप्रमाणे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८ लाख ७१ हजार ८२० रुपये आणि तर्जनीपुरती तिचे १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार. महिना ४० हजार मिळवणाऱ्या रिगमनलाही हिशेब १५ हजारांवरच. आणि रिगवरच्या माणसाला तर्जनीविना टाँग नीट धरता येत नाही. कोष्टकात १४ टक्के लिहिलेले असले तरी त्या कामापुरता तो अनेकदा शंभर टक्के बाद ठरतो.

मोठ्या कंपनीच्या रिगवर कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ कंपनीकडे भरपाई मागता येते. ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करते. सोसायटीच्या आवारातल्या बोअरवर हे इतके सरळ नाही. बोअर मारणे हा काही सोसायटीचा धंदा नव्हे, त्यामुळे मूळ मालक म्हणून तिची जबाबदारी किती हा वादाचा मुद्दा होतो. कामगाराला दावा करायचा तो गाडीमालकावर, जो दुसऱ्या राज्यात असतो. हजेरीपट नसतो, वेतनाची चिठ्ठी नसते. गाडी दुसऱ्या दिवशी वसई किंवा भिवंडीला गेलेली असते. अशा वेळी हाती राहतो तो कामाच्या जागी लावलेला संस्थेच्या नावाचा फलक, गाडीचा क्रमांक आणि रुग्णालयाच्या कागदावर ‘बोअरच्या रॉडमध्ये हात सापडला’ असे लिहून घेतलेले दुखापतीचे कारण. कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, केसपेपरवर नुसते ‘हाताला दुखापत’ लिहिले गेले तर पुढे अपघात कामावरच झाला हे सिद्ध करणे कठीण जाते.

इमारतीच्या रंगकामाचे कंत्राट देताना आता अनेक सोसायट्या कंत्राटदाराकडे कामगारांच्या विम्याची प्रत मागतात, कारण पाळण्यावरून माणूस पडण्याची भीती सर्वांना दिसते. बोअरवेलच्या कोटेशनमध्ये फुटाचा दर, केसिंगचा दर, पंपाची अश्वशक्ती आणि जीएसटी असतो. विम्याची ओळ त्यात क्वचितच दिसते. ती मागण्यासाठी नवा कायदा लागत नाही. समितीने काम देण्यापूर्वी पॉलिसीची प्रत आणि टोळीतल्या कामगारांची नावे मागितली तरी चालते.